आधी मोजा, मगच बदला

घरच्या गाडीचा एअर फिल्टर, त्याचा डबा आणि पुढची नळी बदलून गाडी ‘मोकळी’ करून घेण्याचं वेड आता कॉलेजच्या पोरांपुरतं राहिलेलं नाही. आजी-आजोबा, दोन मुलं आणि मागे बॅगा घेऊन कोकणात जाणाऱ्या हॅचबॅकचंही बॉनेट उघडलं की आत लालभडक कोन फिल्टर दिसतो. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. पिकअप वाढला, ॲव्हरेज सुधारलं आणि आवाज काय झकास येतो! यातली आवाजाची गोष्ट शंभर टक्के खरी आहे. उरलेल्या दोन गोष्टींबद्दल गाडीमालकांशी थोडं सरळ बोलायचं आहे.

माझं सांगणं थोडक्यात असं. तुमच्या इंजिनाला हवा खरोखर कमी पडते आहे का, हे घरबसल्या, जवळजवळ फुकटात मोजता येतं. ते मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. मोजलंत तर दहातल्या नऊ जणांना खर्च करायची गरजच पडणार नाही, असं मला वाटतं.

इंजिनाला हवा किती लागते?

एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबात सांगायचं तर एका लिटर पेट्रोलमागे जवळपास नऊ हजार लिटर हवा. तुमची गाडी लिटरला वीस किलोमीटर देत असेल, तर दहा हजार किलोमीटरमध्ये ती ४५ लाख लिटर हवा ओढून घेते. आपल्या रस्त्यांवरची हवा, म्हणजे तिच्याबरोबर खडीच्या डंपरमागची धूळ, वीटभट्टीची राख आणि उसाच्या ट्रॉलीचं पाचटही आलं.

ही हवा बंपरच्या किंवा रेडिएटरच्या वरच्या बाजूला असलेल्या एका तोंडातून आत शिरते, काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जाते, कागदी फिल्टरमधून गाळली जाते, वळ्यावळ्यांच्या रबरी नळीतून थ्रॉटलपर्यंत पोहोचते आणि मग इंजिनात. वाटेत एखादा बंद पोकळ डबा बाजूला चिकटवलेला असतो. तो रेझोनेटर. बरेच गॅरेजवाले ‘हा हवा अडवतो’ म्हणून तो पहिल्यांदा काढून टाकतात. खरं तर तो हवेच्या वाटेत नसतोच, बाजूला असतो. त्याचं काम हवा ओढण्याचा घुमणारा आवाज मारणं. तो काढला की आवाज वाढतो आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळते आहे असं वाटतं. निम्मा ‘पिकअप’ इथेच तयार होतो, कानात.

आता थ्रॉटल. पेट्रोल गाडीत आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा हवेच्या वाटेतली एक गोल झडप उघडते. किती हवा आली हे सेन्सर सांगतात आणि त्या मापाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. शहरात चाळीसच्या वेगाने जाताना ही झडप जेमतेम थोडीशी उघडी असते. म्हणजे त्या वेळी हवेच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडथळा आपणच, आपल्या पायाने, मुद्दाम घातलेला असतो. त्याच्या अलीकडे तुम्ही फिल्टर कितीही मोकळा केलात तरी इंजिनाला पोहोचणारी हवा तेवढीच राहते. फार तर पाय केसभर कमी दाबावा लागेल.

म्हणूनच ॲव्हरेजचा आणि मोकळ्या फिल्टरचा संबंध लावता येत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याची रीतसर तपासणी केली. इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले. इंधनाच्या खपात लक्षात घेण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून वेग घेण्यात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. फिल्टर तुंबला की त्या जास्त पेट्रोल प्यायच्या. ‘फिल्टर साफ तर ॲव्हरेज जास्त’ हा समज त्या काळातला आहे आणि गाड्या बदलल्या तरी तो गॅरेजात टिकून आहे. तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज बुडत नसेल, तर धड असलेला फिल्टर काढून महागडा बसवल्याने ते वाढेल कसं?

मोजायचं कसं?

पिकअपचा प्रश्न मात्र मोजून सोडवण्यासारखा आहे. त्यासाठी ओबीडी डोंगल लागतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची ही छोटी डबी हजार रुपयांच्या आत मिळते आणि मोबाइलवर इंजिनातले आकडे दाखवते. त्यातला ‘मॅप’ म्हणजे मॅनिफोल्डमधल्या (थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामधल्या वाटेतल्या) दाबाचा आकडा आपल्या कामाचा. साध्या, बिनटर्बो पेट्रोल गाड्यांत तो बहुधा मिळतो.

आधी इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा. जो आकडा दिसेल तो तुमच्या गावच्या हवेचा दाब. मुंबईत, रत्नागिरीत तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असेल, पुण्यात ९५ च्या आसपास. मग रिकाम्या, सरळ, चढाच्या रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत राहून, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि इंजिन पाच हजार फेऱ्यांपर्यंत जाऊ द्या. मोबाइल शेजारी बसणाऱ्याच्या हातात हवा. चालवणाऱ्याने त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्या क्षणी आकडा किती खाली येतो ते शेजारच्याने टिपायचं.

पुण्यात ९५ चा ९२ झाला, तर बंपरच्या तोंडापासून मॅनिफोल्डपर्यंतच्या सगळ्या वाटेत मिळून तीन किलोपास्कल दाब वाया जातो. म्हणजे साधारण तीन टक्के. ८५ हॉर्सपॉवरच्या गाडीत हा सगळा अडथळा जादूने नाहीसा झाला, तरी हातात येतील अडीच हॉर्सपॉवर. फिल्टर, डबा आणि नळी पार काढून टाकली तरी तो सगळा नाहीसा होत नाही, कारण त्यात थ्रॉटलचा आणि मॅनिफोल्डचाही वाटा असतो. शिवाय हे अडीच मिळणार ते पाच हजार फेऱ्यांवर, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर. हवेचा अडथळा साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या निम्म्या झाल्या की अडथळा चौथाईवर येतो. आपण रोज दोन-अडीच हजार फेऱ्यांवर गाडी चालवतो. तिथे मिळणारा फायदा टायरमध्ये हवा कमी-जास्त असण्याच्या फरकातही बुडून जाईल.

माझा ठोकताळा असा: फरक दोन ते चार किलोपास्कल असेल तर फिल्टरचा विषय डोक्यातून काढून टाका. सहा-सातच्या वर असेल तर कुठेतरी काहीतरी तुंबलं आहे आणि ते शोधायला हवं.

शोधण्यासाठी आणखी जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला पाण्याने भरलेली जी पारदर्शक लेव्हल ट्यूब वापरतात, तीच हार्डवेअरच्या दुकानातून तीन-चार मीटर आणा. एका फळीवर इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी बांधा, शाळेची मोजपट्टी शेजारी चिकटवा, खाण्याचा रंग घातलेलं पाणी निम्म्यापर्यंत भरा. नळीचं एक टोक हवेत उघडं, दुसरं टोक गाडीच्या हवेच्या वाटेत, बारीक भोक पाडून खोचलेलं. पूर्ण ॲक्सिलरेटरवर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत दहा सेंटिमीटर फरक पडला तर दाब एक किलोपास्कल कमी झाला असं समजायचं. एकदा फिल्टरच्या अलीकडे आणि एकदा पलीकडे असं मोजलं की दोष तोंडाचा की फिल्टरचा हे लगेच कळतं. अनेकदा फिल्टर बिचारा निर्दोष निघतो आणि अडथळा असतो तो पुढच्या अरुंद तोंडात.

दोन सूचना मात्र काटेकोर पाळा. नळी थ्रॉटलच्या अलीकडेच जोडायची. थ्रॉटलच्या पलीकडे जोडलीत तर तिथला ओढा सगळं पाणी इंजिनात घेऊन जाईल. दुसरं, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला पाडलेलं भोक काम झाल्यावर रबरी ग्रोमेटने हवाबंद करायचं, नाहीतर तिथून बिनगाळलेली धूळ आत जात राहील. गाडी वॉरंटीत असेल तर हे भोक पाडूच नका, डोंगलवर भागवा.

गरम हवा हलकी हवा

कोन फिल्टर बसवताना मूळ डबा निघतो आणि फिल्टर बॉनेटखाली उघडा राहतो. मूळ डबा बाहेरची हवा घेत होता. हा आता इंजिनाची, रेडिएटरची, एक्झॉस्टची तापलेली हवा घेतो.

एप्रिलमध्ये बाहेर ३५ अंश आहे असं धरा. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली ६० अंश सहज होतात. ६० अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा साडेसात टक्क्यांनी हलकी असते, म्हणजे तेवढ्याच जागेत तेवढा प्राणवायू कमी. अडीच-तीन टक्के अडथळ्याच्या मागे लागून आपण साडेसात टक्के हवा घालवून बसलो. वर आणखी एक नुकसान म्हणजे गरम हवेने इंजिन ठोकायला लागण्याची शक्यता वाढते, ते टाळायला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि गाडी आणखी मंद होते. गाडी वेगात असताना बॉनेटखाली वारा खेळतो, तेव्हा फरक कमी होतो. पण सिग्नल सुटल्यावर, घाटातल्या ट्रकमागे रांगत असताना, म्हणजे जिथे आपल्याला जोर हवा असतो नेमका तिथेच हा फिल्टर दगा देतो.

हेही मोजता येतं. डोंगलवर ‘आयएटी’ म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. मूळ डबा असलेल्या गाडीत, मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना ते बाहेरच्या तापमानापेक्षा पाच-दहा अंशच वर असेल तर तुमचा डबा त्याचं काम चोख करतो आहे. कोन फिल्टर बसवलेल्या मित्राच्या गाडीत तोच आकडा सिग्नलला उभं राहून बघा.

गाडी घाटात दम टाकते म्हणून फिल्टर बदलायला निघालेल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथली हवा खालच्यापेक्षा बारा टक्क्यांनी विरळ असते आणि बिनटर्बो गाडीची ताकद साधारण तेवढीच घटते. त्यावर कुठल्याही फिल्टरचा इलाज नाही. सीएनजीवाल्यांचंही तसंच. सिलिंडरमधली जवळपास दहावा हिस्सा जागा गॅसच घेतो, हवेला तेवढी कमी मिळते. खंबाटकीच्या चढावर सीएनजीची गाडी रडते ती यामुळे. कोन फिल्टर लावला तर ती मोठ्या आवाजात रडेल, एवढंच. तिथे बटण दाबून पेट्रोलवर घ्या.

धूळ दिसत नाही, पण जाते

फिल्टर विकणारा सांगतो, ‘हवा जास्त सोडतो.’ हवा जास्त सोडणारी जाळी धूळही जास्त सोडते का, हे त्याला विचारा. फिल्टर तपासण्याची आयएसओ ५०११ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्यात ठरावीक धूळ सोडून किती अडवली हे वजनाने मोजतात. चांगल्या कंपनीकडे हा आकडा असतो. नुसता ‘हाय फ्लो’ असा शब्द छापलेला खोका असेल तर तो दुकानातच राहू द्या.

आकडा वाचतानाही फसू नका. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के, तर फरक दोनच टक्क्यांचा वाटतो. पण पहिल्यातून शंभरातला एक भाग आत जातो, दुसऱ्यातून तीन भाग. म्हणजे इंजिनात तिप्पट धूळ. धुळीतले वाळूचे बारीक कण, डोळ्यांना न दिसणारे, पाच ते वीस मायक्रॉनचे, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासत राहतात. एका दिवसात काही होत नाही. साठ-सत्तर हजार किलोमीटरनंतर गाडी ऑइल खायला लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि तेव्हा कुणालाच तो लाल फिल्टर आठवत नाही.

तेल लावलेल्या कापडी फिल्टरची आणखी एक भानगड आहे. तो धुऊन, पूर्ण वाळवून, मोजकं तेल लावून बसवायचा असतो. तेल कमी लागलं तर धूळ जाते. जास्त लागलं तर ते पुढे उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसू शकतं. ‘मॅफ’ सेन्सर असलेल्या गाडीत, विशेषतः डिझेलमध्ये, मग गाडी झटके खाते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि सेन्सरचं बिल फिल्टरच्या किमतीच्या वर जातं. गॅरेजमध्ये गर्दीच्या दिवशी हा फिल्टर कोण शांतपणे वाळवत बसणार?

कागदी फिल्टरच्या बाबतीत उलटी गंमत आहे. त्यावर थोडी धूळ बसली की तो धूळ अडवायला आणखी चांगला होतो. दर सर्व्हिसिंगला नवा टाकायची गरज नसते. त्याला कॉम्प्रेसरची हवा जवळून, जोरात मारली तर कागदाला न दिसणारी छिद्रं पडतात आणि फिल्टर ‘स्वच्छ’ होऊन निकामी होतो. हलक्या हाताने आपटून सुटी धूळ झाडा, तेवढं पुरे.

पाऊस सगळ्यात वाईट

गरम हवेचा दोष टाळायला काही जण लांब नळी घालून फिल्टर खाली, बंपरच्या मागे, चाकाजवळ नेतात. तिथे हवा गार मिळते हे खरं. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो.

कंपनीने हवेचं तोंड वर, रेडिएटरच्या पट्टीजवळ ठेवलं ते पाण्यासाठी. डब्याच्या तळाला पाणी निथळायचं बारीक भोक ठेवलं तेही पाण्यासाठी. बाराशे सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन पूर्ण वर आल्यावर वरती जागा उरते ती जेमतेम तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये शिरलं की वर येणारा पिस्टन जागच्या जागी अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काही वेळा तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग इंजिन उतरवण्यावाचून मार्ग नसतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. पण इंजिन घालवायला तेवढा पाऊस लागत नाही. हिंदमाता, अंधेरी सबवे किंवा तुमच्या गावच्या ओढ्यावरचा फरशी पूल, कुठेही गुडघाभर पाणी पुरतं. त्यातून समोरून एसटी आली की तिच्या लाटेने पाणी बंपरच्या वर चढतं. मूळ डब्याची गाडी यातून बहुधा निघून जाते. चाकाजवळ फिल्टर असलेली गाडी तिथेच बसते.

गाडी पाण्यात बंद पडली तर, फिल्टर कुठलाही असो, पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून किंवा टो करून बाहेर काढा. पाणी शिरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारणं म्हणजे उरलेसुरले रॉड स्वतःच्या हाताने वाकवणं. साध्या सर्वसमावेशक विम्यात असं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते घेतलं असलं तरी विमा कंपनीला न कळवता हवेची वाट बदललेली सर्व्हेअरच्या नजरेला पडली, तर वाद तुमच्या अंगावर येणार हे धरून चाला.

कायदा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मुळात ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हे पुन्हा बजावलं. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यात कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी त्यात तरतूद आहे.

मूळ मापाचा दुसरा फिल्टर मूळ डब्यात बसवला तर कुणी अडवणार नाही. डबा काढून, नळी बदलून, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून घेतलेल्या गाडीची गोष्ट तशी नाही. कोणता बदल कलमात बसतो आणि कोणता नाही, याची चर्चा नाक्यावर उभं राहून करण्याची वेळ स्वतःवर आणू नका. बीएस सहाच्या गाडीत हवा आणि इंधनाचं गणित प्रदूषणाच्या मर्यादेला घट्ट बांधलेलं असतं. ते बिघडलं तर पीयूसीच्या वेळी उत्तर द्यावं लागेल. वॉरंटीतल्या इंजिनाला काही झालं, तर सर्व्हिस सेंटर सगळ्यात आधी बोट दाखवणार ते त्या लाल फिल्टरकडे.

मग करायचं काय?

पुष्कळ आहे आणि सगळं स्वस्त आहे. पहिलं म्हणजे डबा स्वतः उघडा. चार क्लिपा किंवा चार स्क्रू, एवढंच असतं. फिल्टर काढला की डब्याच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या भिंतीवर पांढरं फडकं फिरवा. फडकं स्वच्छ निघालं तर तुमचा फिल्टर आणि त्याची रबरी कड नीट बसते आहे. मातकट निघालं तर धूळ कुठून तरी वाट काढते आहे. एखादी क्लिप तुटलेली असेल, कड दुमडलेली असेल, फिल्टर नकली, मापाला सैल असेल. ही पाच मिनिटांची तपासणी कुठल्याही परफॉर्मन्स किटपेक्षा इंजिनाचं आयुष्य जास्त वाढवते.

दुसरं, हवेच्या तोंडात टॉर्च मारून पाहा. वाळकी पानं, प्लॅस्टिकची पिशवी, चिखलाचा थर आणि पावसाळ्यात उंदरांनी साठवलेल्या शेंगा, काहीही निघू शकतं. गाडी महिनाभर गावी उभी असेल तर हे नक्की बघा.

तिसरं, रबरी नळीच्या वळ्या बोटांनी ताणून चिरा शोधा आणि दोन्ही टोकांच्या होज क्लिपा घट्ट आहेत का ते बघा. फिल्टरच्या पलीकडे पडलेली एक चीर म्हणजे फिल्टर नसल्यासारखंच.

चौथं, फिल्टर पुस्तिकेतल्या अंतरावर बदला. अनेक पेट्रोल गाड्यांत ते चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास असतं. रस्ता कच्चा असेल, क्रशरजवळ किंवा वीटभट्टीजवळ रोजचं जाणं-येणं असेल, तर त्याच्या निम्म्यावर. कागदी फिल्टर तीन-चारशे रुपयांत मिळतो. घेताना मूळ कंपनीचा घ्या, डब्यात दाबून बसवावा लागेल असा घेऊ नका.

पाचवं, गाडी खरोखर ओढत नसेल तर कारण दुसरीकडे शोधा. थ्रॉटलवर साचलेला काजळीचा थर, झिजलेले स्पार्क प्लग, घसरणारा क्लच, चिकटून राहणारा ब्रेक, कमी हवेचे टायर. जुन्या डिझेलमध्ये ईजीआरची (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी मॅनिफोल्डची वाटच बुजवून टाकते. ती साफ केली तर फरक खरोखर जाणवतो. जुन्या सीएनजी किटमध्ये हवेच्या वाटेत मिक्सर नावाची अरुंद कडी बसवलेली असते. ती हवा अडवते, पण ती अनुभवी फिटरकडूनच बघून घ्यायची.

एवढं सगळं करून झाल्यावरही मोजमापात तोंडाशी अडथळा जास्त निघाला आणि तुम्हाला हौस असेल, तर मूळ डबा आणि मूळ फिल्टर तसाच ठेवून, जाळीमागून डब्यापर्यंत हवेची वाट थोडी मोठी करून घेता येते. वॉरंटी संपलेली हवी, नवं तोंड जुन्या तोंडाच्या खाली जाता कामा नये आणि डब्याचं निथळायचं भोक उघडं राहायला हवं. आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहा. तिसऱ्या गिअरमध्ये तीस ते सत्तर किती सेकंदांत जाते, हेही त्याच रस्त्यावर, तेवढीच माणसं बसवून, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा मोजा. मोजण्यातल्या चढ-उताराइतकाच फरक दिसला तर बदलाचा उपयोग झाला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करा. बॅटरीची वायर काढून घातल्यावर कॉम्प्युटर नव्याने शिकतो आणि दोन दिवस गाडी वेगळी वाटते. त्याला भुलू नका.

ज्यांना गाड्यांचा खरा नाद आहे, ट्रॅकवर चालवायची आहे, टर्बो मोठा करायचा आहे, त्यांच्यासाठी हवेची वाट मोठी करणं हे योग्य आणि गरजेचं काम आहे. त्यांनी ते जाणकाराकडून, वेगळ्या गाडीवर, ट्रॅकपुरतं करावं. पण ज्या गाडीतून मुलं शाळेत जातात आणि आई दवाखान्यात, त्या गाडीची हवेची वाट आखताना कंपनीच्या इंजिनिअरांनी धूळ, पाणी, उष्णता, आवाज आणि ताकद या सगळ्यांचा एकत्र हिशेब केलेला असतो. दहा-वीस हजारांचं किट त्यातल्या एकाच गोष्टीकडे बघतं.

तेव्हा येत्या रविवारी बॉनेट उघडा, फिल्टरचा डबा काढून बघा, फडकं फिरवा, आकडे टिपा आणि मग ठरवा. ज्यांनी आधीच कोन फिल्टर बसवून घेतला आहे त्यांना एक विनंती: माळ्यावर टाकलेला मूळ डबा भंगारात देऊ नका. तो शोधून काढा, पुसा, नवा कागदी फिल्टर घाला आणि पावसाळा लागायच्या आत परत बसवा.